सहीपुरता नवरा

लेबर रूमच्या दाराबाहेर एक लाकडी बाकडं होतं. चौघं बसतील एवढं. त्यावर सासू बसायची, आई बसायची, शेजारीण बसायची. नवरा उभा. भिंतीला टेकून, हातात पिशवी घेऊन. पिशवीत धुतलेल्या जुन्या साड्यांचे तुकडे, थर्मास, एक पेला, बाळाला गुंडाळायला पंचा. ती पिशवी त्याला घरातल्या बाईनं भरून दिलेली असायची, त्यामुळे आत काय आहे ते त्याला ठाऊक नसायचं. मी दार अर्धं उघडून "जुनं कापड द्या" म्हटलं की तो आत हात घालून चाचपत राहायचा, आणि शेवटी सासू उठून त्याच्या हातातून पिशवी काढून घ्यायची.

दुसऱ्यांदा दार उघडायचं ते कागदासाठी. "नातेवाईक कोण?" मी विचारायची. तो पुढं यायचा. मी कागद धरायची, पेन द्यायची, आणि तो विचारायचा, "कुठं करू सही?"

कशासाठी, हे कुणी विचारत नसे. मी बोट ठेवायची, तिथं तो सही करायचा. सही येत नसेल तर अंगठा. मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या प्रसूतिगृहांत मी पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. एवढ्या वर्षांत "आधी वाच, वाचता येत नसेल तर मी सांगते" असं मी एकाही नवऱ्याला म्हटल्याचं आठवत नाही. वेळ नसायचा, हे खरं. पण वेळ असता तरी मी म्हटलं असतं का? मला तो तेवढ्यापुरताच हवा होता. सही झाली की "बाहेर थांबा" म्हणून मी दार लावून घ्यायची.

त्यातल्या बऱ्याच सह्या कायद्याला नकोच होत्या, हे मला फार उशिरा नीट समजलं. सज्ञान बाई शुद्धीवर असेल तर तिच्या सिझेरियनला तिची स्वतःची संमती पुरते. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यातही सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी धरली आहे, नवऱ्याची लागत नाही. तरी आम्ही तिला विचारायचो, "मिस्टर आलेत का?" कारण उघड होतं. उद्या काही बरंवाईट झालं तर 'आम्हाला न विचारता कापलं' म्हणून पन्नास माणसं व्हरांड्यात उभी राहायची. त्या भीतीपोटी आम्ही नवऱ्याची सही मागत गेलो. आणि टेबलावरच्या बाईला विचारलं तरी ती मान फिरवून म्हणायची, "त्यांना विचारा." पोट तिचं, कळा तिच्या, आणि होकार बाहेर भिंतीला टेकून उभा.

एक नवरा मला अजून आठवतो. त्याच्या बायकोचं तिसरं बाळंतपण होतं, आठवा महिना सुरू. रात्री साडेनऊच्या सुमारास रिक्षातून उतरवतानाच तिला झटका आला. जीभ दाताखाली आलेली, चेहरा नि पाय सुजलेले, बी.पी. १८० वर ११०. डॉक्टरांनी झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, मोठ्या रुग्णालयात पाठवली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. नवऱ्यानं सही केली आणि तो ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. पुढं पाठवलेल्या बाईचं काय झालं हे आम्हाला बहुतेक वेळा कळत नाही. बेड रिकामा होतो आणि त्यावर दुसरी येते.

तीन आठवड्यांनी तो कसल्याशा कागदासाठी परत आला. बाई वाचली होती. बाळ गेलं होतं. कागद मिळाल्यावरही तो हलेना. मग म्हणाला, "सिस्टर, दोन दिवस ती म्हणत होती, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मला वाटलं, पोटात काही नसेल. मी नाक्यावरून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणून दिला."

मी गप्प बसले. तो पुढं म्हणाला, "हे बी.पी.चं असतं हे मला आत्ता कळलं. तुम्ही तिला सांगितलं असेल ना?"

सांगितलं होतं. ओ.पी.डी.च्या रांगेत उभ्या चाळीसेक बायकांना एकदम, मोठ्या आवाजात सांगितलं होतं: डोकं सारखं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं, अंगावर रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर घरी थांबू नका. तिनं ते ऐकलंही असेल. पण घरात "चला, दवाखान्यात जायचंय" हे शब्द उच्चारायचा अधिकार तिचा नव्हता. ज्याचा होता, त्याला आम्ही गेटवरच अडवून ठेवलं होतं. त्याच्या खिशात रिक्षाचे पैसे होते, घर आमच्यापासून दहा मिनिटांवर होतं, आणि बायकोवर त्याची माया होती. बिस्किटांचा पुडा आणणारा माणूस वाईट नसतो. वाईट नवरे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्याबद्दलही सांगेन. पण रात्री झोप येत नाही तेव्हा मला तो पुडा दिसतो.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंमागचे तीन उशीर मांडले: दवाखान्यात जायचं ठरवायला होणारा उशीर, तिथं पोचायला होणारा, आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा. एका प्रशिक्षणात ते फळ्यावर लिहून दाखवलं, तेव्हा माझ्या शेजारची सिस्टर कुजबुजली, "आपल्याकडं पहिलाच." खरं आहे. गडचिरोलीच्या बाईला नदी आडवी येते. मुंबईच्या बाईला सासूबाई म्हणतात, "आम्हाला सात झाली, कधी डोकं दुखलं म्हणून दवाखाना नाही गाठला." मग ती नवऱ्याची वाट बघते. तो भिवंडीच्या गोडाऊनमधून दहाला सुटतो, घरी यायला साडेअकरा. आल्यावर त्याला आधी जेवायला वाढायचं, मग सांगायचं. तो दमलेला. म्हणतो, सकाळी बघू.

आता माझ्याच घरचं सांगते.

माझं लग्न १९८६ मध्ये झालं. आमचे हे बेस्टमध्ये कंडक्टर, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रोज दुसऱ्यांची बाळंतपणं करणारी मी सातव्या महिन्यात ओटी भरून परळ डेपोतून चिपळूणच्या गाडीत बसले. त्या रीतीला मी नावं ठेवणार नाही. सासरी वाकून लादी पुसणाऱ्या पोरीला आईच्या घरी चार महिने पाय पसरून बसता येतं, डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर कुणी मोजून देत नाही, हे थोडं सुख नव्हे. पण या रीतीत नवरा कुठंच नसतो. हे बाराव्या दिवशी बारशाला आले. नवा शर्ट घातलेला, हातात चांदीचे वाळे. पाळणा हलवला, मुलीकडं बघून हसले, दोन दिवस राहून ड्युटीवर गेले. मी दोन रात्री कळा काढल्या होत्या, वार अडकली होती, रक्त इतकं गेलं होतं की उठून बसले की घेरी यायची. मी ते त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आईनं बजावलं होतं, पुरुषांना असलं सांगू नये, त्यांचं मन उडतं. कितीतरी वर्षं यांना वाटत होतं, बाळंतपण म्हणजे बारसं.

दुसऱ्या खेपेला, १९९१ मध्ये, आई अंथरुणाला खिळलेली होती. म्हणून मुंबईतच राहिले. चाळीत पाणी पहाटे चारला यायचं, तेही मजल्याच्या टोकाच्या नळाला. घरातली पिंपं भरायची म्हणजे दहा-बारा हंडे. सहावा महिना लागला तसं एका पहाटे मला जाग आली, तर पिंप भरलेलं. मला वाटलं सासूबाईंनी भरलं. सासूबाईंना वाटलं मी भरलं. तीन-चार दिवसांनी मी मुद्दाम जागी राहिले. साडेतीनला हे उठले, दाराची कडी आवाज न करता काढली, हंडा घेतला, आणि गॅलरीतला दिवा न लावता अंधारात नळाशी जाऊन उभे राहिले. पाणी यायच्या आधी, बायका उठायच्या आधी. पाणी आल्याबरोबर पहिले हंडे यांचे. सहाची ड्युटी असली तरी.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर लाजले असते. एकदा शेजारच्या काकांनी पाहिलंच. "काय, बायकोचं बाळंतपण तुम्हीच करणार वाटतं?" दुसऱ्या दिवसापासून हे तीनलाच उठू लागले.

त्या अंधारातल्या हंड्यांचा मी खूप विचार केला आहे. एक माणूस गरोदर बायकोसाठी पाणी भरतो आणि ते चोरी केल्यासारखं लपवतो. कारण बायकोला मारलं तर चाळ 'घरगुती मामला' म्हणून दार लावून घेते, पण तिच्यासाठी हंडा उचलला तर बाईलवेडा म्हणते. आम्ही बायकाही त्यात होतो. नळावर एखादा पुरुष दिसला की पदर तोंडाला लावून हसणाऱ्यांत मी होते, लग्नाआधी. पुरुषाला घराबाहेर वाढवायचं, बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून परतवायचं, आणि मग त्याला काही कळत नाही म्हणून बोटं मोडायची.

आणि तरी, पाणी भरणारे हे ओ.पी.डी.त एकदाही आले नाहीत. आले असते तर मीच बाहेर काढलं असतं. "पुरुष बाहेर थांबा" हे वाक्य मी इतक्या वेळा ओरडले आहे की नातवंडं माझी नक्कल करतात. आत बसायला त्यांना खुर्ची नव्हती. माहितीच्या तक्त्यांवर आई असायची, बाळ असायचं, बाप क्वचितच. त्याची आठवण व्हायची ती दोन वेळा: सहीला आणि रक्ताच्या बाटलीला.

खरं तर बाळंतपणात नवऱ्याचं शरीरही असतंच, नुसती सही नाही. बाईचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असेल तर तिच्यानंतर पहिला प्रश्न नवऱ्याच्या रक्तगटाचा. तो पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि तसं बाळ झालं तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. बाई थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक निघाली तर नवऱ्याला तपासल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. आणि मुलगा की मुलगी हे तर सगळं त्याच्याच बीजावर ठरतं. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येतं, एक्स की वाय हे बापाकडून. शाळेत शिकवतात हे. तरीही तिसरी मुलगी झाली म्हणून सासू सुनेला बोलते, आणि ज्याच्यामुळं मुलगी झाली तो खाली मान घालून मोबाइल बघतो. त्या वेळी त्यानं एक वाक्य बोलायचं असतं, "आई, तिचं काय चुकलं?" ते वाक्य मी पस्तीस वर्षांत दोनदा ऐकलं. दोन्ही नवरे मला चेहऱ्यानं आठवतात. त्यातल्या एकानं तर सगळ्या वॉर्डात बर्फी वाटली, आयाबाईंना सुद्धा.

लोहाच्या गोळ्यांचं बोलायला हवं, कारण रक्त आटलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त. आम्ही गोळ्या मोजून देतो, १८० दिवस रोज एक. बाई घरी नेते. काही दिवस खाते. मळमळतं, शौचाला काळं होतं, कुणीतरी सांगतं की गोळ्यांनी बाळ मोठं होऊन पोट फाडावं लागतं. मग त्या तांदळाच्या डब्यामागं जातात. आणि जेवणाचं म्हणाल तर आधी नवरा, मग सासू-सासरे, मग पोरं, मग ती. वाटीत उरलेली आमटी, अंडं संपलेलं. नवरा काही हिसकावून घेत नाही. त्याच्या पानात वाढलेलं असतं ते खातो आणि उठतो. मागं काय उरलं हे बघायला तो मागं वळत नाही एवढंच.

मानखुर्दच्या वस्तीतलं एक जोडपं होतं, मूळचं जालन्याकडचं. तो नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करायचा. बायकोचं एच.बी., म्हणजे हिमोग्लोबिन, ७.८ आलं. त्या दिवशी योगायोगानं तो गेटजवळ होता आणि माझ्याकडं मोकळी दहा मिनिटं होती. मी त्याला आत बोलावून समजावलं: हिच्या अंगात रक्त कमी आहे, अकराच्या वर हवं, गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर द्यायची, चहाबरोबर नाही, चहानं ती अंगी लागत नाही. आणि रात्री दोघांनी एकत्र जेवायला बसायचं. एवढंच. दोन महिन्यांनी तो स्वतः आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. कालनिर्णयची दोन पानं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीचा एक ठिपका. मध्ये तीन चौकोन रिकामे. म्हणाला, "या तीन दिशी कामावर मुक्कामी होतो, बाई. त्याचं काय करू?" एच.बी. १०.२ झालं होतं. ती पानं माझ्याकडं ठेवायला मागायला हवी होती, अजून वाटतं.

त्या माणसाला कुणी दहा मिनिटं दिली नसती तर आम्ही त्यालाही बेफिकीर म्हटलं असतं.

पण इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण 'पुरुषांचा सहभाग' म्हणून हल्ली जे बोललं जातं त्यात ती राहून जाते. प्रत्येक नवऱ्याला आत घेणं म्हणजे भलं नव्हे. काही नवरे दर तपासणीला यायचे, बायकोच्या खांद्याला खांदा लावून बसायचे, आणि आम्ही तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तेच द्यायचे. "काही त्रास नाही तिला." "जेवते व्यवस्थित." ती जमिनीकडं बघायची. बी.पी.चा पट्टा बांधायला बाही वर केली की दंडावर बोटांचे काळेनिळे वळ. गरोदरपणात मार थांबतो अशी एक भाबडी समजूत आहे. कित्येक घरांत तेव्हाच सुरू होतो. म्हणून माझा नियम होता, आधी ती एकटी, पडद्यामागं, वजनाच्या निमित्तानं. मग तिनं हो म्हटलं तर तो. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, मारहाण झालेल्या बायकांसाठी, रुग्णालयाच्या आतच. त्यानंतर निदान पाठवायला एक जागा झाली. त्याआधी आम्ही मलम लावून घरी पाठवायचो. कुणाच्या घरी, ते माहीत असून.

ऑपरेशनचाही विषय आहेच. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात बायकांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या ०.३. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, जागेपुरती भूल, पाव तासाचं, त्याच दिवशी घरी. पुढं तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं, बस. बाईचं त्याहून कितीतरी जोखमीचं. पण मी विषय काढला की नवऱ्याआधी बायकोच म्हणायची, "नको सिस्टर, त्यांना ओझी उचलावी लागतात." जणू आठवड्यानं ही हंडे उचलणार नव्हती. त्यामागं १९७५-७७ च्या सक्तीच्या नसबंदीची दहशत आहे, ती बापाकडून मुलाकडं आली आहे, हे मी समजू शकते. पण याच मुंबईत १९२१ साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. त्या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली तरी मागं हटले नाहीत. शंभर वर्षं उलटली, आणि अजून ते ओझं बाईच्याच ओटीपोटावर.

रजेचं म्हणाल तर बाईसाठी मुंबई प्रांतात १९२९ सालीच कायदा झाला. त्याआधीच्या वर्षी कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाच्या बाजूनं भाषण केलं होतं. २०१७ पासून रजा २६ आठवडे झाली. बापासाठी केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस आहेत. नाक्यावरच्या त्या ठिपकेवाल्याला मात्र एका दिवसाचीही सवड नव्हती. आला त्या दिवसाची मजुरी बुडवूनच आला होता.

एका रात्री मात्र मी एका नवऱ्याला आत घेतलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आम्ही कुर्ल्याच्या बाजूला. दुपारनंतर तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं, बायका नि बाळं आम्ही वरच्या मजल्यावर हलवली. वीज गेली. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टर पोचूच शकल्या नाहीत. मी, एक डॉक्टर आणि एक मावशी, तिघीच. रात्री आठनंतर कधीतरी खालून हाका आल्या. दोघा शेजाऱ्यांना घेऊन एक माणूस कमरेएवढ्या पाण्यातून हातगाडी ढकलत आला होता. गाडीवर त्याची बायको, वर प्लॅस्टिक धरलेलं. पाणमोट वाटेतच फुटली होती. सासू, आई, कुणी बाई सोबत नव्हती. आई कल्याणला अडकलेली.

आम्ही तिला टेबलावर घेतली. डॉक्टर पलीकडच्या खोलीत दुसऱ्या एका अवघड बाईजवळ होत्या. मावशीचे दोन्ही हात गुंतलेले. मला काही दिसेना. टेबलं शेजारी-शेजारी, मध्ये पडदा नाही, म्हणून एरवी मी पुरुषाला आत येऊ दिलं नसतंच, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या बायांची अब्रू असते. पण त्या रात्री त्या खोलीत ती एकटीच होती. मी दार उघडलं नि म्हटलं, "आत ये. टॉर्च धर."

तो आला. अंगावरून पाणी गळत होतं. मी त्याला डोक्याशी उभं केलं आणि प्रकाश कुठं हवा ते दाखवलं. सुरुवातीला तो भिंतीकडं बघत टॉर्च धरत होता, त्यामुळे उजेड सरकायचा. मी ओरडले, "बघ इकडं, नाहीतर मला दिसणार नाही." मग त्यानं बघितलं. दुसऱ्या हातानं त्यानं तिचा हात धरला, की तिनं त्याचा धरला, ते मला दिसलं नाही. तिनं त्याच्या मनगटावर नखं रुतवली होती, ते नंतर दिसलं, रक्त आलं होतं. तास-सव्वा तास लागला. तो एक शब्दही बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "एवढं असतं?" मला विचारलं नव्हतं. तिलाही नाही.

बाळ रडलं. वार पडली. मी पोट चोळत गर्भाशय घट्ट होतंय का बघत होते, कारण त्या रात्री रक्तस्राव झाला असता तर तिला कुठंच नेता आलं नसतं. तो अजून टॉर्च धरून उभा. दाराबाहेरचा प्रत्येक नवरा माझ्या नोकरीत पहिला प्रश्न विचारायचा तो ठरलेला, मुलगा की मुलगी. यानं विचारलं, "सिस्टर, हिला आता खायला काय देऊ?"

आमच्याकडं पाव आणि मावशीच्या डब्यातली थोडी पेज होती. ती त्यानं तिला चमच्यानं भरवली, टॉर्च काखेत धरून. बाळाचं त्यानं विचारलं नाही म्हणून शेवटी मीच सांगितलं.

पुढं २०१६ मध्ये केंद्र सरकारनं बाळंतपणात बाईजवळ सोबतीण ठेवायला मुभा दिली. जिथं पडद्याची नीट सोय असेल तिथं नवऱ्यालाही. ते परिपत्रक वाचताना मला त्या रात्रीची टॉर्च आठवली. पण पडदे लागतात, खोल्या लागतात, माणसं लागतात. नुसत्या परिपत्रकानं दोन टेबलांमध्ये भिंत उभी राहत नाही.

मी निवृत्त झाले. हे गेले, त्याला चार वर्षं होतील. धाकटी मुलगी, जिच्या वेळी यांनी पाणी भरलं ती, आता ठाण्याला असते. गेल्या पावसाळ्यात तिला आठवा महिना होता. माझ्याकडं यायचं तिनं नाकारलं. म्हणाली, "आई, तू येऊन राहा, पण मी माझ्याच घरी." मला थोडं लागलं. सातव्या महिन्यात मी जावईबापूंना समोर बसवून सगळी लक्षणं सांगितली होती, त्यांनी ती मोबाइलमध्ये लिहून घेतली होती. त्यांच्या आईंनी तेवढ्यात चहा आणला आणि म्हणाल्या, "त्याला कशाला हे?" मी म्हटलं, "त्यालाच."

एका रात्री दीडला फोन वाजला. जावई होते. "आई, हिचं डोकं संध्याकाळपासून दुखतंय. आता डोळ्यांपुढं चमकायला लागलंय म्हणाली. आम्ही रिक्षात आहोत, पाच मिनिटांत पोचतो. तुम्ही सकाळी आलात तरी चालेल."

मी सकाळपर्यंत कशी थांबणार. पोचले तेव्हा तिला दाखल करून घेतलं होतं. बी.पी. १५० वर १००, लघवीत प्रथिनं. इंजेक्शन सुरू होतं. बाहेर एक बाकडं होतं, स्टीलचं. जावई उभे होते, हातात पिशवी. मी विचारलं, "जुनं कापड आणलंय?" त्यांनी न बघता वरच्या कप्प्यातून काढून दाखवलं.

तेवढ्यात दार अर्धं उघडलं आणि एक तरुण सिस्टर कागद घेऊन बाहेर आली. "नातेवाईक कोण?" गरज पडली तर रात्रीच सिझेरियन करावं लागेल, त्याची संमती. जावयांनी कागद घेतला, भिंतीवरच्या दिव्याखाली गेले आणि वाचायला लागले. सिस्टर थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "अहो, फक्त खाली सही करायची आहे."

"हो," ते म्हणाले, आणि वाचत राहिले. मधल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "आई, या शब्दाचा अर्थ काय?"

मी सांगितला. ते पान संपवून त्यांनी सिस्टरला विचारलं, "ती जागी आहे ना? मग हे आधी तिला दाखवतो." सिस्टरनं घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दारातून बाजूला झाली. मी बाकड्यावर बसले.